अक्का खाली आल्या तेव्हा

एका दुपारी माझ्या थोरल्या जाऊबाई जिना उतरून खाली आल्या, स्वयंपाकघरात माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "धाकटे, च्या टाक की."

मी कणीक मळत होते. हात तसेच परातीत राहिले. त्यांनी मला शेवटची 'धाकटे' म्हणून हाक मारली तेव्हा माझे केस काळे होते. त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. घर एकच, सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या अलीकडे. वरच्या मजल्यावर अक्का, खाली मी, जिना बाहेरून. दोघा भावांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता, तोही एकत्रच. सणवार एकत्र व्हायचे, पंगती एकत्र बसायच्या. फक्त आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. नळाला पाणी आलं की अक्का वरून मोठ्यानं म्हणायच्या, "पानी आलंय." कुणाला म्हणाल्या ते कुणी विचारायचं नाही. मी मुकाट्यानं मोटर लावायचे.

मी चहा टाकला. त्यांना साखर जास्त लागते हे मी विसरले नव्हते. त्या बशीत ओतून चहा प्यायल्या, "आलं टाकाय पायजे हुतं," म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसून वर निघून गेल्या.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर ह्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "भाऊ गेल्यापासून वहिनी एकट्या पडल्यात. आल्या ते बरं झालं." माझे थोरले दीर त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते.

आमचं बोलणं का तुटलं ते सांगायला हवं. मला एक मुलगी झाली होती. मी तेव्हा प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. बाळंतपणाची रजा संपली आणि मी कामावर जायला लागले. दिवसभर पोर अक्कांपाशी असायची. सासूबाई होत्या, पण न्हाऊ-माखू घालायचं, भरवायचं, निजवायचं ते सगळं अक्काच करायच्या. त्यांचा स्वतःचा मुलगा त्या वेळी जेमतेम बोबडं बोलायला लागला होता. एक दिवस मी शाळेतून आले तर पोर तापानं फणफणली होती. डोळे अर्धवट मिटलेले. रिक्षातच तिला झटका आला. दवाखान्यात नेलं, पण दुसरा दिवस उजाडला तेव्हा ती नव्हती. अजून वर्षाचीही झाली नव्हती.

भेटायला माणसं आली होती. मी आतल्या खोलीत पडले होते. बाहेर कुणीतरी विचारलं, असं कसं झालं एकाएकी? अक्कांचा आवाज आला, "आईला पगार गोड लागला. मग लेकरू कशाला थांबतंय?"

ते मी ऐकलं. मी ऐकलंय हेही त्यांना कळलं, कारण मी उठून दारात येऊन उभी राहिले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. त्या दिवसापासून मी त्यांच्या हातचं खाल्लं नाही. त्यांनीही कधी समजूत काढली नाही. वर्षभरात चुली वेगळ्या झाल्या. मला पुढे मूल झालं नाही. शाळा मी सोडली नाही, निवृत्त होईपर्यंत केली.

आणि आता त्या रोज दुपारी खाली यायला लागल्या. आम्ही समोरासमोर बसून शेंगा फोडायचो. त्या टेंभुर्णीच्या, त्यांच्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या. वडिलांची बैलजोडी, विहिरीवरचं जांभळीचं झाड, आठवड्याचा बाजार. मी ऐकत राहायचे. मनात वाटायचं, इतक्या वर्षांनी स्वतःहून आल्यात, आज ना उद्या तो विषय काढतील. नाही काढला तरी चालेल, असंही मग वाटायला लागलं. त्यांचं येणं हेच त्यांचं सांगणं, असं मी धरून चालले. त्या दिवसांत मी खुशीत होते. बाजारातून दोन जुड्या मेथी आणायचे, एक वर द्यायला.

मग एका दुपारी चहा पिऊन त्या वर गेल्या आणि पुन्हा खाली आल्या. "धाकटे, च्या टाक की." मी हसले. म्हटलं, आत्ताच तर घेतलात. त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मी कवा घेतला?" त्या म्हणाल्या. मी परत टाकला. आणखी एकदा त्यांनी विचारलं, "हे कारखान्यातनं अजून कसं आलं न्हाईत?" मला वाटलं, दुःखात माणूस बोलतो असं.

एके सकाळी वरून जळका वास आला. मी धावत गेले. अक्का गॅससमोर उभ्या होत्या. तव्यावर भाकरीच्या जागी घडी घातलेला टॉवेल होता, आमच्याच कारखान्याचा, कडेनं पेटत आलेला. अक्का हातात उलथनं घेऊन त्याच्याकडे बघत होत्या. "फुगंना की गं," त्या म्हणाल्या.

अक्कांचा मुलगा, माझा पुतण्या, बेंगळुरूहून आला. डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. म्हणाले, हा बरा होत नाही, सांभाळावं लागतं. त्यांच्याशी वाद घालू नका, चूक दाखवू नका, घर शांत ठेवा. मी विचारलं, "विसरायला कधीपासून लागल्या असतील?" ते म्हणाले, "तुमच्या लक्षात येण्याच्या बरंच आधीपासून."

येताना गाडीत अक्का माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अक्कांनी मला माफ केलं नव्हतं, माझी माफीही मागितली नव्हती. आपण बोलत नाही हेच त्या विसरल्या होत्या. म्हणून जिना उतरून आल्या होत्या. मला इतकं वाईट वाटलं, की मी पुढच्या सीटवरच्या पुतण्याला दिसू नये म्हणून तोंडावर पदर धरला.

पुतण्यानं त्यांना बेंगळुरूला नेऊन बघितलं. लिफ्टचं दार बंद झालं की त्या ओरडायच्या. महिनाभरात त्यानं परत आणलं आणि म्हणाला, "काकू, मला जमत नाही." तो रडत होता. मी म्हटलं, "अरे, ठेव इथंच. खालच्या मजल्यावर घेतो आम्ही." असं माझ्या तोंडून निघालं तेव्हा हे माझ्याकडे बघत राहिले.

घर बदलायला लागलं. जिन्याच्या तोंडाशी ह्यांनी लोखंडी फाटक बसवलं. सुऱ्या, विळी, काडेपेटी, औषधं कुलपात गेली. काम झालं की गॅस खालून बंद करायचा आणि रेग्युलेटर काढून ठेवायचा, हे मी अंगवळणी पाडून घेतलं. संडासाच्या दाराला आतून कडी ठेवली नाही. भिंतीला धरायला दांड्या लावल्या. जिथं वाट चुकायची तिथं दिवा चालू ठेवला. टीव्हीवरच्या भांडणांना त्या घाबरायच्या, घरातच चाललीत असं त्यांना वाटायचं, म्हणून टीव्ही बंद झाला. पुष्कळसं चुकत चुकत कळलं. अक्का संडासात जायला तयार होत नव्हत्या. दारापर्यंत जायच्या आणि माझा दंड घट्ट धरायच्या.

"चला की अक्का."

"नगं. आड हाय तितं."

आड? घरात विहीर कुठली? मला समजेना. शेवटी मी त्यांच्या शेजारी उभी राहून त्या बघतात तिथं बघितलं. दारात काळं पायपुसणं होतं. पांढऱ्या फरशीवर ते खरंच खोल दिसत होतं. मी ते काढलं. त्या सरळ आत गेल्या.

ह्यांना ते ऐकून वेगळंच सुचलं. त्या दिवसांत अक्का दुपारी बाहेर पळायच्या. एकदा पार हमरस्त्यापर्यंत गेल्या होत्या, एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं आणून सोडलं. हे म्हणाले, "तेच पायपुसणं पुढच्या दारात टाक. आपोआप थांबतील." मला पटलं. टाकलं. चारच्या सुमाराला अक्का दाराशी गेल्या आणि थांबल्या. पण मागे फिरल्या नाहीत. चौकटीला धरून, त्या काळ्या तुकड्याकडे बघत थरथरत उभ्या राहिल्या. जायचं तर होतं आणि पुढे विहीर. "कुनी तरी या की," त्या अगदी हळू म्हणाल्या. मी धावत जाऊन ते उचललं आणि मागच्या अंगणात नेऊन फेकलं. मग पुढच्या अंगणाच्या फाटकालाच कुलूप लावलं.

फाटकाशी रोजचा तमाशा व्हायला लागला. सकाळ बरी जायची. दुपारचे चार वाजत आले की अक्का अस्वस्थ व्हायच्या. साडी सारखी करायच्या, चपला शोधायच्या आणि फाटकाशी जाऊन ते गदागदा हलवायच्या. शेजारणी बाहेर यायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांना माहेरी जायचंय. मी समजावायचे, "अक्का, टेंभुर्णीला उद्या जाऊ. आज एसटी गेली." त्या आणखी चिडायच्या. एकदा मला ढकललं, माझं कोपर फुटलं.

एका दिवशी मी थकून गेले होते. काही समजावलं नाही, नुसती त्यांच्यामागे ओट्यावर बसले. त्या फाटकाला धरून बोलत होत्या. कुणाशी ते माहीत नाही.

"सोडा की मला. शाळंत जाऊन यीन. तिच्या आईला सांगाय पायजे. पोरीचं अंग लई तापलंय."

मी ओट्यावरून उठून त्यांच्याजवळ गेले.

"आत्या नगं म्हनत्यात," अक्का म्हणाल्या. आत्या म्हणजे आमच्या सासूबाई. "म्हनत्यात, दात येत्यात, उतरंल ताप. म्हनत्यात, तिला घरी बोलावलं तर रजा पडती. मी अंग पुसलं दोनदा. उतरंना की वो. मी जाऊन येती. सोडा."

टेंभुर्णी नव्हतीच. त्या रोज माझ्याकडे यायला निघत होत्या.

त्या दिवशी ताप कधी चढला, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी आले तेव्हा चढलेला होता, एवढंच मला माहीत. सकाळपासूनच होता का? अक्का मला बोलवायला निघाल्या होत्या आणि सासूबाईंनी थांबवलं होतं का? का अक्कांचं मन आता असं काहीतरी रचत होतं, जे त्यांनी करायला हवं होतं? मी ह्यांना विचारलं. "मी कारखान्यात होतो," ते म्हणाले. "तुझ्यानंतर घरी पोचलो. मला खरंच माहीत नाही." सासूबाई जाऊन खूप वर्षं झाली होती. थोरले दीर गेले होते. विचारायला फक्त अक्का होत्या, आणि त्यांना विचारून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार वाजायच्या सुमाराला मी चांगली साडी नेसले, पर्स खांद्याला लावली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. बोळातून फिरून पुढच्या फाटकाशी आले. अक्का आतून गज धरून उभ्या होत्या. मी कुलूप काढलं.

"अक्का, मी आले," मी म्हटलं. "तुमचा सांगावा पोचला."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात गजावरून सुटले. "आलीस व्हय?" त्या म्हणाल्या. "लई वाट बगितली गं तुजी. पोरीचं अंग तापलंय."

"मी बघते. तुम्ही बसा आता."

"तू बग. तू आई हायस." त्या माझा हात धरून आत आल्या, पलंगावर बसल्या आणि थोड्या वेळानं तिथंच कलंडून झोपल्या. मी आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. तिथं काय केलं ते लिहीत नाही.

त्यानंतर रोज तसंच चाललं. मी मागून जायचे, पुढून यायचे. अक्का फाटकाशी असायच्या, पण हलवायच्या नाहीत, वाट बघायच्या. घर शांत झालं. शेजारणी म्हणायच्या, औषध लागू पडलेलं दिसतंय. मी हो म्हणायचे. कधी कधी मी बाहेर बोळात पर्स घेऊन उभी असताना मला पुढे जाववायचं नाही. एकदा परतून मागच्या दारानंच आत आले, तर पुढून गजांचा आवाज सुरू झाला. परत बोळातून गेले.

हळूहळू अक्का तापाचं विसरल्या. पोर राहिली. संध्याकाळी विचारायच्या, "निजली का गं?"

"निजलीय."

"अंगावर घाल काय तरी. पंखा लागतोय."

"घातलंय अक्का."

पहिल्यांदा हे बोलताना माझी जीभ उचलत नव्हती. पुढे सवय झाली. आणि खोटं कशाला बोलू, पुढे पुढे मला ती वेळ हवीशी वाटायला लागली. ह्या घरात माझ्या मुलीचं नाव कुणी काढत नसे. मला वाईट वाटेल म्हणून नसत काढत, हे मला कळत होतं. तिचे कपडे कुणीतरी देऊन टाकले होते. फोटो काढलाच नव्हता, वाढदिवसाला काढू म्हणून. आणि आता अक्का रोज तिची चौकशी करत होत्या. तिला उन्हं बाधतात म्हणायच्या. मऊ भात लागतो, वरण नको, तोंडातून बाहेर काढते म्हणायच्या. उजव्या कुशीवर निजते म्हणायच्या. हे मला काहीच माहीत नव्हतं. मी सकाळी जायचे ती संध्याकाळी यायचे. अक्का तिच्याविषयी बोलायला लागल्या की मी हातातलं काम ठेवून ऐकत बसायचे. त्यातलं किती तिचं, किती त्यांच्या मुलाचं आणि किती कुठलंच नाही, हे कसं समजणार? मी सगळं घेतलं.

एकदा मला राहवलं नाही. त्यांचे केस विंचरत होते. म्हटलं, "अक्का, धाकटी नोकरी करायची, त्याचा तुम्हाला राग होता का हो?"

"कुनाचा?"

"धाकटीचा. तुमच्या जावेचा."

अक्का म्हणाल्या, "ती बोलत न्हाय माज्यासंगं." आवाजात राग नव्हता. "मी बोलली हुती कायतरी. आता बोलत न्हाय."

"मग तुम्ही बोला की," मी म्हटलं.

"भ्या वाटतं गं," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर येऊन बसले, त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "अक्का, मीच धाकटी. मी बोलतेय की तुमच्याशी." त्या माझ्याकडे बघून हसल्या, पाहुण्यांकडे बघून हसावं तशा. आणि म्हणाल्या, "बाई, तुमी लई चांगल्या हाय."

पुढच्या उन्हाळ्यात त्या जास्त खालावल्या. सोलापूरचं ऊन त्यांना सोसेना. बोलणं तुटक झालं. एका दुपारी मी पुढून आत आले तर फाटकाशी कुणी नव्हतं. त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. "अक्का, आले मी," मी म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही. मी दोनतीन दिवस तरी तसंच बाहेरून येत राहिले. मग सोडलं. संध्याकाळी निजली का म्हणून विचारणंही थांबलं. घरात कुणी दार ठोठावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यापेक्षाही घर शांत झालं होतं. मला ते सहन होत नव्हतं. एकदोनदा मीच त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "अक्का, पोर निजलीय हो." त्यांच्या डोळ्यांत काही हललं नाही.

शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या. घास गिळवेना झाला. मी बोटानं मऊ भात भरवायचे. थंडी सुरू व्हायच्या आधी, सकाळी मी त्यांचं अंग पुसत असतानाच त्यांचा श्वास थांबला.

दिवसकार्य झाल्यावर पाहुणे गेले आणि पुतण्या माझ्यापाशी येऊन बसला. आता त्याचेही केस पिकायला लागलेत. म्हणाला, "काकू, मी फोन करायचो तेव्हा मागून आईचा आवाज यायचा. निजली का, निजली का. कुणाला विचारायची ती?"

हे दारात उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तुला एक बहीण होती."

त्याला काहीच माहीत नव्हतं. मी त्याला सांगितलं. कुठल्या महिन्यात झाली, रंग कसा होता, जावळ किती दाट होतं, माझ्या पदराचं टोक कशी तोंडात घालायची. तो अगदी लहान मुलासारखा ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "दिवसभर काय करायची?"

मी म्हटलं, "मऊ भात खायची. उजव्या कुशीवर निजायची. तुझी आई सांगायची."

"अजून?"

अजून मला माहीत नव्हतं.